हॅमॉकखालची रजई घरी शिवताना: क्लायमाशील्ड एपेक्स कसे ठरले

व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबरच्या रात्री हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना टांगलेल्या कापडी झोळीत, झोपणाऱ्याला थंडी वाजते ती वरून नव्हे, पाठीखालून. स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली, तरी अंगाच्या भाराखाली तिच्यातले भरण चेपून पापडासारखे होते, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवायला काहीच उरत नाही. तंबूत खाली निदान जमीन तरी असते. हॅमॉकच्या खालून मात्र रात्रभर वारा वाहत राहतो. म्हणून हॅमॉकमध्ये नेहमी झोपणारे लोक एक वेगळी रजई हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगतात. तिच्यावर कुणाचाच भार पडत नसल्यामुळे ती फुगलेली राहते आणि पाठीला गरम ठेवते. इकडे अमेरिकेत तिला अंडरक्विल्ट म्हणतात. मी तशी एक रजई घरी शिवली, तिच्या जोडीला अंगावर घ्यायची दुसरी शिवली आणि दोन हिवाळे दोन्ही वापरल्या. दोन्हींत जे भरण घातले, त्या क्लायमाशील्ड एपेक्स या मालाविषयी हे परीक्षण आहे.

माझे मत आधीच सांगते. घरच्या साध्या शिलाई मशीनवर पहिल्यांदाच अशी रजई शिवणाऱ्यासाठी याहून सोयीचे भरण मला माहीत नाही. पिसांपेक्षा ते जड आहे, पाठपिशवीत जागाही जास्त खाते, आणि या दोन्ही उणिवा खऱ्या आहेत. तरीही शिवणाऱ्याचा हात कच्चा असला म्हणून रजईची ऊब कमी होत नाही, हा त्याचा गुण माझ्या दृष्टीने इतका मोठा आहे की पुन्हा शिवायची वेळ आली तर मी हेच घेईन.

एपेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या अखंड तंतूंचा जाड, मऊ पत्रा. साध्या पॉलिएस्टर कापसात आखूड तंतू असतात आणि ते हळूहळू सरकून एका जागी गोळा होतात. एपेक्समध्ये लांबच लांब तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे पत्रा एकसंध राहतो. दोन्ही हातांनी दोन टोके धरून उचलला तरी फाटत नाही. त्यामुळे त्याला मधून टाके घालून जागेवर बांधावे लागत नाही, फक्त चारी कडांना शिवणीत पकडले की पुरते. उबेचे मोजमाप ‘क्लो’ या एककात करतात, आणि ते एकक १९४१ साली अमेरिकेत सुचवले गेले: सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत, वारा नसताना, स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात तेवढी ऊब म्हणजे एक क्लो. एपेक्सच्या दर चौरस यार्डाला एक औंस वजनामागे ०.८२ क्लो धरतात. मी खालच्या रजईसाठी पाच औंसाचे (दर चौरस यार्डाला पाच औंस वजनाचे) एपेक्स घेतले, म्हणजे हिशेबाने ४.१ क्लो. मधे टाके नसल्यामुळे ही ऊब रजईच्या प्रत्येक इंचात सारखी मिळते, हे महत्त्वाचे आहे, कारण जिथे टाका पडतो तिथे भरण चेपते आणि तिथून थंडी आत येते.

ही गोष्ट माझ्या आईला पटवून देणे सोपे नव्हते. ती साताऱ्याकडची. जुन्या नऊवारी लुगड्यांच्या वाकळी तिने जन्मभर शिवल्या आहेत, आणि धावदोऱ्याच्या ओळी जितक्या जवळ तितकी वाकळ टिकाऊ, हे तिचे गणित आहे. व्हिडिओ कॉलवर मी तिला पसरलेले एपेक्स दाखवले तेव्हा ती म्हणाली, “अगं, मधे टाके नाही घातलेस तर दोन धुण्यांत सगळा कापूस एका कोपऱ्यात जाईल. मग काय अभ्रा पांघरणार का?” कापसाच्या दुलईबद्दल तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मी पत्र्याचा कडेचा एक तुकडा कापून तो तिच्यासमोर दोन्ही बाजूंनी ओढून दाखवला. तंतू ताणले गेले, मधे जाळीसारखे विरळ झाले, पण तुकडा तुटला नाही. तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मग कडा तरी दोनदा शीव.” तो सल्ला मी मानला, आणि तो योग्यच होता, कारण या रजईचा सगळा भार कडांवरच येतो.

हा माल यार्डावर मिळतो आणि त्याचा पन्हा साधारण ६० इंच, म्हणजे दीड मीटरच्या थोडा वर असतो. जाडी वजनावरून ओळखतात: २.५, ३.६, ५ आणि ६ औंस ही वजने सहज मिळतात. दुकाने त्यांच्यापुढे तापमानही लिहितात. २.५ औंसाला सुमारे १० अंश सेल्सिअस, ३.६ ला चार-पाच अंश आणि पाच औंसाला शून्याच्या आसपास, असे ते आकडे असतात. त्यांवर किती विसंबावे ते पुढे सांगते. मागवताना एक काळजी मात्र घ्यावी. माझा पहिला तुकडा एका ऑनलाइन दुकानाने हवा काढून, विटेसारखा घट्ट दाबून पाठवला होता. उघडल्यावर त्याची अर्धी बाजू तीन सेंटिमीटर फुगली, पण घडीच्या रेषेवर जेमतेम एक सेंटिमीटर. दोन दिवस पलंगावर पसरून ठेवला, हाताने हलके झटकला, तरी ती रेष पूर्ण भरली नाही. दुकानाने तक्रार ऐकून घेतली, पण बदली तुकडा दिला नाही. दुसरा तुकडा मी दुसऱ्या ठिकाणाहून, सैल गुंडाळून पाठवण्याची विनंती करून मागवला आणि तो उत्तम निघाला. या मालाला घट्ट दाबणे सोसत नाही, हे तेव्हाच कळले.

कापडासाठी मी १.१ औंसाचे रिपस्टॉप नायलॉन घेतले, ज्यात दर काही धाग्यांनंतर एक जाड धागा विणलेला असतो आणि त्यामुळे छोटे भोक पुढे फाटत जात नाही. त्यावर पाणी थेंबासारखे राहून ओघळून जाईल असा लेप होता. हे कापड इतके गुळगुळीत असते की टेबलावरून स्वतःहून सरकते. कापताना त्याच्या चारही बाजूंना डाळीचे डबे ठेवावे लागले. कडा लगेच उसवतात, म्हणून कापल्यावर त्या मेणबत्तीच्या ज्योतीजवळून अगदी चटकन फिरवून घेतल्या. हे काम एपेक्सपासून दूर, दुसऱ्या खोलीत केले, कारण पॉलिएस्टर वितळते आणि पेटतेही. टाचण्या वापरू नयेत, त्यांची भोके नायलॉनवर कायम राहतात. शिवणाऱ्यांचे छोटे प्लॅस्टिकचे चिमटे पुरतात. दोरा पॉलिएस्टरचाच हवा, सुती नको, कारण सुती दोरा ओल धरतो आणि कुजतो. सुई सत्तर नंबरची, नवी कोरी.

शिवण्याची पद्धत उशीच्या अभ्र्याचीच आहे. सगळ्यात खाली एपेक्स, त्यावर पहिले कापड सुलट बाजू वर करून, त्यावर दुसरे कापड सुलट बाजू खाली करून ठेवायचे. चारी बाजूंनी शिवत यायचे आणि एका आखूड बाजूला हातभर जागा मोकळी सोडायची. मग त्या मोकळ्या जागेतून दोन कापडांच्या मधे हात घालून सगळे उलटायचे, की एपेक्स आपोआप दोन्ही कापडांच्या आत जाते. पुस्तकी वर्णनात हे सोपे वाटते. माझ्या मशीनवर मात्र पहिल्या दहा सेंटिमीटरांतच अडचण आली. मी एपेक्स वरच्या बाजूला ठेवले होते आणि मशीनच्या पायाची दोन बोटे त्या तंतूंत अडकून पत्रा पुढे जाईना; टाके एकावर एक पडून खाली दोऱ्याचा गुंता झाला. उसवून पुन्हा सुरुवात केली ती कापड वर आणि एपेक्स खाली ठेवून. खालच्या दात्यांत तंतू ओढले जाऊ नयेत म्हणून एपेक्सच्या खाली भेटवस्तू गुंडाळायच्या पातळ कागदाची पट्टी ठेवली आणि कागदासकट शिवले. नंतर कागद भोकांवरून अलगद फाटून निघतो. टाक्याची लांबी तीन मिलिमीटर ठेवली. बारीक टाके घातले तर नायलॉनवर भोकांची रांग होते आणि तिथूनच कापड फाटते. हा कागदाचा उपाय करून पाहिल्यानंतर उरलेली सगळी शिवण, मला सांगायला आनंद वाटतो, एकाही गुंत्याशिवाय झाली. उलटून झाल्यावर आईच्या सांगण्याप्रमाणे कडेवरून दुसरी शिवण फिरवली.

माझी खरी चूक मापात झाली, आणि ती सविस्तर सांगते, कारण तिच्यामुळे मी या भरणालाच दोष देऊन मोकळी होणार होते. मी आतले आणि बाहेरचे कापड एकाच मापाचे कापले होते: १९० सेंटिमीटर लांब, ११५ रुंद. जमिनीवर रजई छान फुगलेली दिसत होती. पण हॅमॉकखाली ती सपाट राहत नाही, शरीराभोवती नळीच्या अर्ध्या भागासारखी वळते. वळल्यावर बाहेरच्या कापडाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जावे लागते. अर्धवर्तुळ धरले, तर तो फरक भरणाच्या जाडीला ३.१४ ने गुणून येतो. पाच औंसाचे एपेक्स सुमारे तीन सेंटिमीटर जाड असते, म्हणजे बाहेरचे कापड जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर जास्त रुंद हवे. ते तसे नसेल, तर एक तर बाहेरचे कापड ताणले जाऊन भरण चेपते, नाही तर आतले कापड पाठीपासून सुटून मधे पोकळी राहते. माझ्या पहिल्या रात्री दोन्ही झाले: कुशीला भरण चेपले होते आणि खांद्यांच्या मधोमध गार हवेचा खिसा होता. घरी आल्यावर बाहेरचे कापड उसवून टाकले, दहा सेंटिमीटर जास्त रुंदीचे नवे कापले आणि वाढीव रुंदी डोक्याकडच्या व पायांकडच्या कडेला छोट्या चुण्या घालून मिळवली. झंपराच्या बाहीला खांद्यावर चुण्या घालतात, तितकेच ते सोपे आहे. भरण तेच राहिले, रजई मात्र दुसरीच झाली.

दोन्ही लांब कडांना फितीचा नेफा करून त्यातून तीन मिलिमीटर जाडीची लवचीक दोरी ओवली आहे. पायजम्याच्या नेफ्यात नाडी असते तशीच, फक्त इथे दोरीची टोके हॅमॉकच्या दोन्ही टोकांना हुकाने अडकतात. आखूड कडांनाही असाच नेफा आहे. त्यातली दोरी ओढली की डोक्याकडची आणि पायांकडची तोंडे बंद होतात आणि वारा आत शिरत नाही.

नव्या कापडानिशी पहिली खरी परीक्षा त्याच उद्यानात, हॉक्सबिल शिखराच्या खालच्या उतारावर झाली. हॉक्सबिल तिथले सर्वांत उंच ठिकाण, १,२३५ मीटर. आम्ही दोघांनी रीतसर परवाना काढून ओकच्या झाडांत हॅमॉक बांधले. झोपण्यापूर्वी नवऱ्याने खालून हात लावून पाहिले, कारण आत झोपलेल्याला स्वतःची रजई कशी बसली आहे हे नीट कळत नाही. त्याला कमरेखाली दोन बोटे फट लागली. मी पायांकडची दोरी फार आवळली होती, त्यामुळे टोक वर उचलले जाऊन मधला भाग सुटला होता. दोरी चार बोटे सैल केल्यावर कापड पाठीला टेकले, नुसते टेकले, दाबले गेले नाही. पहाटे चार वाजता दोरीला लटकवलेल्या तापमापकावर तीन अंश होते. माझ्या नाकाचा शेंडा गार होता आणि पाठ घरच्या गादीवर असावी तशी कोमट होती. त्या क्षणी मला दोन शनिवार-रविवारांच्या कष्टांचे अतिशय समाधान वाटले.

नोव्हेंबरात उणे दोन अंशांची एक रात्र काढली. त्या रात्री लोकरी मोजे, टोपी आणि फ्लीसचे जाकीट घालूनही पहाटे पोटऱ्यांना गारवा जाणवत होता. झोप लागली, पण तुटक लागली. त्यामुळे पाच औंसाला दुकानात लिहिलेल्या शून्य अंशाबद्दल माझे मत असे आहे की तेवढ्या थंडीत रजई तगवून नेते, पण सुखाची झोप तीन-चार अंशांपर्यंतच मिळते. ज्यांना मुळातच थंडी जास्त वाजते त्यांनी लिहिलेल्या आकड्यात पाच अंश मिळवून मगच जाडी निवडावी.

अंगावर घ्यायची रजई ३.६ औंसाची केली. तिला पाठ नाही, पायांकडे फक्त पिशवीसारखा भाग शिवलेला आहे. अंगाखाली चेपणारे भरण मुळात घ्यायचेच कशाला, हा त्यामागचा विचार. कमी वजनात चालण्याचे पुरस्कर्ते रे जार्डिन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकी पदयात्रींमध्ये हा विचार रुजवला आणि पुढे घरी शिवण्यासाठी साहित्याचे संचही विकले. ही रजई शिवायला एक दिवस पुरला आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वरच्या रजईला खालच्यापेक्षा कमी जाडी चालते, कारण ती अंगावर ओढून-गुंडाळून फट बंद करता येते. खालच्या रजईला ते जमत नाही. पैसे मोजकेच असतील तर जाडीचा खर्च खाली करावा.

आता उणिवा. माझी खालची रजई स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६५० ग्रॅम भरली. त्यातले ३७५ ग्रॅमच्या आसपास नुसते एपेक्स आहे. तितक्याच उबेची पिसांची रजई त्याहून दीडशे ग्रॅमने तरी हलकी असते आणि पिशवीत जवळजवळ अर्धी जागा घेते. लांब पल्ल्याच्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या माणसाला हा फरक नक्की जाणवेल. पण पिसांची रजई शिवायची तर आत कापडाचे पडदे उभे करून कप्पे करावे लागतात, प्रत्येक कप्प्यात पिसे तोलून भरावी लागतात आणि ती घरभर उडतात. तयार घ्यायची तर अडीचशे-तीनशे डॉलर लागतात. मला कापड, भरण, फिती, दोऱ्या मिळून ९४ डॉलर लागले. त्यात नासवलेल्या बाहेरच्या कापडाचे पैसे धरलेले नाहीत. ओलीतही फरक आहे. शेनान्डोआ ज्या ब्लू रिज डोंगररांगेत आहे, तिथे धुके तासन्‌तास झाडांतून ठिबकत राहते. पिसे भिजली की गोळा होतात. एपेक्स ओले झाल्यावर थोडे थंड लागते, पण फुगलेले राहते, आणि झटकून वाऱ्यावर टांगले की दुपारपर्यंत वाळते. मी त्याआधी अमेरिकी लष्कराचा पाँचो लायनरही (पाँचोला आतून जोडायची पातळ रजई) हॅमॉकखाली बांधून पाहिला होता. तो स्वस्त असतो, कडेला बांधायच्या नाड्याही असतात, पण त्याच्यावर सगळीकडे आरपार शिवण आहे आणि पंधरा अंशांच्या खाली ती प्रत्येक शिवण पाठीला वेगळी जाणवते. आईच्या वाकळीसारखे टाके तिथे घातलेले आहेत, आणि वाकळीखाली गादी असते, हॅमॉकखाली नसते.

दोन हिवाळ्यांनंतर फुगवटा किती उरला, हे मी पट्टीने मोजले. कडेला तीन सेंटिमीटर कायम आहे. मधे, जिथे रजई पिशवीत सर्वांत जास्त दाबली जाते, तिथे अडीच भरते. हा ऱ्हास दाबण्यामुळे होतो, म्हणून मी तिला घट्ट आवळायच्या पिशवीत भरणे बंद केले आणि आता ती पाठपिशवीच्या तळाशी सैल कोंबते; वरच्या सामानाने दाबेल तेवढी दाबू देते. घरी ती कपाटात हँगरवर लटकलेली असते. धुण्यासाठी बाथटबमध्ये कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरतो. पिळू नये, आणि गरम ड्रायरमध्ये अजिबात घालू नये. दोनदा धुतल्यावरही भरण कोपऱ्यात गेलेले नाही, हे मी आईला मुद्दाम उजेडासमोर धरून दाखवले. नायलॉन पातळ असल्यामुळे आतले भरण सारखे पसरलेले स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातले ट्रेकर मित्र विचारतात की सह्याद्रीसाठी हे घ्यावे का. किल्ल्यांचे माथे बहुधा उघडे असतात आणि हॅमॉक बांधायला झाडे मिळतात ती खालच्या रानात, जिथे डिसेंबर-जानेवारीतही थंडी माथ्यापेक्षा कमी बोचते. तिथे २.५ औंस पुरेसे आहे, आणि तेवढ्या पातळ एपेक्सची रजई इतकी लहान घडी होते की पिशवीत जागेची तक्रारच उरत नाही. हिमालयात झाडांच्या पट्ट्यात मुक्काम करायचा असेल तर पाच औंसापेक्षा कमी घेऊ नये.

पन्ह्यातून माझी रजई कापल्यावर सुमारे ३५ सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी उरली होती. ती चार पदरी दुमडून, उरलेल्या नायलॉनचा अभ्रा घालून मी तिची उशी केली. हॅमॉकमध्ये मानेखाली तेवढीच लागते.